अंगावर उठलेला भंडारा

१

बाभूळखेड्याच्या खंडोबासमोर दीपमाळेला एक माणूस बांधला होता आणि गाव त्याला दगडांनी हाणत होतं. उगं दोन-चार टवाळ पोरं नव्हेत बरं का! चांगले नातवंडं असलेले, एकादशी धरणारे लोक. फौजदार धनश्रीची जीप ओढा चढून वर आली तेव्हा त्या माणसाची मान छातीवर पडली होती आणि सदरा रक्तानं भिजला होता.

"हटो बे! सरका मागं!" हवालदार वासिफभाई काठी आपटत गर्दीत घुसले. पण ऐकतो कोण! शेवटी धनश्रीनं कमरेचं पिस्तूल उपसलं आणि हवेत गोळी झाडली. पिंपळावरचे कावळे उडाले आणि हात थांबले. तरी बायका उभ्या होत्या त्या बाजूनं एक दगड सुटलाच. तो नेमका बांधलेल्या माणसाच्या डाव्या डोळ्यावर बसला. माणूस ओरडलासुद्धा नाही, नुसता थरथरला.

"कोणी मारला?" धनश्री कडाडली. "आत्ताचा दगड कोणी मारला?"

बायका एकमेकींच्या आड सरकल्या.

देवळाचा गुरव शहादेव पुढं आला. "मॅडम, तुमी आता मधी पडू नका. तुमच्यानं निकाल लागंना म्हणून आमी देवाला इचारलं. देवानं सांगितलं. त्याचं तोंड बघा म्हंजे कळंल."

धनश्रीनं बांधलेल्या माणसाची हनुवटी वर केली. तो सिदू होता. चार वाक्यं बोलायची तरी खाली बघून बोलणारा हा गडी तिनं आधी चौकशीला बोलावला होता, तेव्हा त्याचं अंग स्वच्छ होतं. आता कपाळावर आडव्या तीन रेघा उठल्या होत्या, बोटं फिरवल्यासारख्या. फोडांनी टम्म भरलेल्या, कडा काळपट, मधून पाणी वाहतंय. पापण्या सुजल्या होत्या. गळ्यावरही तेच. दगडांचे घाव वेगळे आणि हे वेगळं, एवढं आंधळ्यालाही कळलं असतं.

झालं होतं ते असं. गावातला रामेश्वर आपल्याच कपाशीत मरून पडलेला सापडला होता. मारणाऱ्यानं एका घावात भागवलं नव्हतं. लोखंडाच्या कशानं तरी डोक्याचा असा चेंदा केला होता, की आईनं लेकाला ओळखलं ते पायाच्या जुन्या भाजल्याच्या डागावरून. रामेश्वरशी उघड वैर होतं दोघांचं. बांधाला बांध लागून असलेल्या सिदूचं, कारण रामेश्वर दर पेरणीला बांध कोरायचा. आणि चुलतभाऊ अजिनाथचं, कारण अजिनाथनं सामाईक विहिरीला खेटून बोअर पाडलं, विहीर आटली आणि ते बोअर बुजवून घ्यायला रामेश्वर केजच्या तहसीलला खेटे घालत होता. धनश्रीनं दोघांनाही उलटंपालटं केलं. पुरावा मिळाला नाही, दोघांना सोडावं लागलं.

मग गावानं जुना रस्ता धरला. दोघांनी खंडोबासमोर बेलभंडारा उचलायचा. बेलाचं पान आणि मूठभर हळद हातात घेऊन शपथ खायची. खोटं बोलेल त्याचं अंग फुटेल. दोघांनी उचलला. दोन दिवस गेले आणि सिदूचं अंग फुटलं.

"मीबी उचलला होता, मॅडम." गर्दीतून अजिनाथ पुढं आला. पांढरेशुभ्र कपडे, खांद्यावर कोरी करकरीत दस्ती, जिची घडीसुद्धा मोडली नव्हती. त्यानं दोन्ही हात उलटे-सुलटे करून दाखवले. "बघा. पुटकुळी तरी हाय का? माझा भाऊ गेलाय. मला पण वाटत नव्हतं सिदू असा निघंल."

धनश्री दीपमाळेकडं वळली. दोर कापला, वासिफभाईंनी सिदूला खांद्यावर घेतलं. जीपमध्ये मागं त्याची बायको शिवकन्या चढली आणि नवऱ्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली. रडत नव्हती. पदरानं डोळ्याचं रक्त टिपत होती. जीप ओढ्यात उतरली तसा पदर सरकला आणि धनश्रीला तिचे हात दिसले.

मनगटापर्यंत तेच फोड होते. त्याच काळपट कडा.

"शिवकन्या," धनश्री म्हणाली, "तू पण उचललाव्तास का भंडारा?"

"न्हाई, मॅडम. बायांना देवळाच्या कट्ट्यावर चढू पण दिलं न्हाई."

२

तेलगाव, धारूर करत केजच्या दवाखान्यात पोचेपर्यंत सिदू शुद्धीवर नव्हता. डॉक्टर समिनांनी आधी डोळा बघितला आणि मान हलवली. डोळा गेला होता. मग त्यांनी हातमोजे चढवून पुरळ बघायला घेतलं. ते मात्र त्यांनी असं निवांत बघितलं, की धनश्रीचा जीव वरखाली व्हायला लागला.

"डॉक्टर, पटकन सांगा. हे काय आहे? गाव म्हणतंय देवाचा कोप."

"तुमच्याकडं संशयित असतात ना? तसे आमच्याकडं पण असतात," समिना म्हणाल्या. "एकेकाला विचारू. कांजिण्या? त्यांत आधी ताप येतो आणि त्या जागा निवडत नाहीत, सगळ्या अंगावर येतात. याला ताप नव्हता असं बायको सांगते. गोळ्या-औषधाची ॲलर्जी? ती पाठीवर, मांड्यांवर दोन्हीकडं सारखी उठते. याची पाठ कोरी आहे. कपाशीची फवारणी?"

"आता वेचणी चालूय. फवारा घरात टांगून ठिवलाय," शिवकन्या म्हणाली.

"गाजरगवत? ते शेतातल्या माणसाला छळतं, पण कानाच्या पाळ्या, मानेची मागची बाजू, कोपरांचे खळगे, असं जिथं ऊन लागतं तिथं. याच्या मानेची मागची बाजू बघा, स्वच्छ. आणि हे बघा." त्यांनी सिदूचा फाटका सदरा बाजूला केला. "बनियनच्या आत काही नाही. गळ्याशी बनियन जिथं सुरू होतो तिथं पुरळ थांबलंय. कपाळावर बोटांच्या रुंदीच्या रेघा आहेत. तळहाताला कमी, कारण तिथली कातडी जाड. पण उजव्या हाताच्या बोटांच्या बेचक्यात भरपूर. बाई, रोगाला रेघा मारता येत नाहीत. हे बाहेरून लागलंय. आणि ते यानं स्वतःच्याच बोटांनी कपाळाला आणि गळ्याला लावलंय."

"भंडारा," धनश्री म्हणाली. "शपथेनंतर कपाळाला मळवट भरतात."

"पण हळदीनं कुणाचं असं होत नाही. नाहीतर आपल्याकडं एक नवरी जगली नसती."

कोपऱ्यात टोपी काढून उभे असलेले वासिफभाई खाकरले. "मॅडम, छोटा मुँह बडी बात, पण आमच्या अम्मीला एकदा बिबा उतलाव्ता. ऐसाच दिसत होता. काळं काळं, पाणी सुटलेलं."

बिबा कुणाला ठाऊक नाही? टाचेच्या भेगेत भरतात, बैलाच्या खुराला लावतात, लिंबू-मिरचीच्या खाली ओवतात. त्याचं काळं तेल एखाद्याला सोसत नाही आणि मग अंग भाजल्यासारखं उठतं. डॉक्टर समिनांनी भुवया उंचावल्या. "अगदी बसतं. बिबा लगेच कळत नाही, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उठतो. आणि ज्याला एकदा उतला त्याला पुढच्या वेळी दुप्पट."

पण शिवकन्येनं ठामपणे नकाराची मान हलवली. "आमच्या उंबऱ्याच्या आत बिबा येतच न्हाई, मॅडम. हे शाळेत असताना पोरांनी पैज लावून एकमेकांच्या दंडावर बिब्याचे ठिपके दिलते. बाकीच्यांना नुसता काळा डाग पडला, ह्यांचा हात सुजून दुधी भोपळा झाल्ता. मरता मरता वाचले. तवापासून सासूबाईनं बिबा घरातून हाकलला. लिंबू-मिरचीला पण आमी कोळसा बांधतो."

"हे कोणाकोणाला ठाऊक आहे?"

"साऱ्या गावाला. म्हणून तर लोक म्हणत्यात, ह्यांच्या घरात बिबा न्हाई, मग देवाबिगर हे कुणी केलं?"

धनश्री तिच्या हातांकडं बघत राहिली. "देवळातून आल्यावर सिदूचा सदरा तूच धुतलास?"

"मग आणखी कोण धुणार? हळदीनं सारा भरलाव्ता. चोळचोळून धुतला."

"म्हणजे देवानं नवऱ्याच्या खोट्या शपथेची शिक्षा बायकोच्या हातांना दिली. एवढा अडाणी नाही गं तुझा खंडोबा."

शिवकन्येच्या डोळ्यांत आता पाणी आलं. ती पुटपुटली, "मॅडम, कोर्टानं सोडलं तरी गाव सोडणार न्हाई. देवाचा निकाल म्हणत्यात. त्यांनी देवाला पुढं केलंय, आमी कुणाला पुढं करायचं?"

तेवढ्यात वासिफभाईंचा फोन वाजला. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा उतरला. गावानं सिदूचं घर पेटवलं होतं, कडब्याची गंजी आणि दावणीच्या बैलासकट. आणि आता माणसं टेम्पोत बसून केजकडं निघाली होती. अर्धं राहिलेलं काम पुरं करायला.

३

धनश्रीनं टेम्पो धारूरच्या घाटातच अडवला, कोयते जमा केले आणि दवाखान्याच्या दारात बंदूकधारी बसवले. पण तिला ठाऊक होतं, बंदूकधारी काही जन्मभर बसत नाहीत. सिदूला जगवायचं तर देवाच्या निकालाला उत्तर शोधायला हवं होतं. सकाळी ती पुन्हा बाभूळखेड्यात शिरली, ती सरळ मेलेल्या रामेश्वरच्या घरी.

रामेश्वरची आई साखराबाई भिंतीला टेकून बसली होती. उजवा हात पदरात गुंडाळलेला.

"हात दाखवा, मावशी."

म्हातारीनं दचकून हात आणखी आत ओढला. "कावून?"

"बघायचंय फोड आलेत का."

तेव्हा तिनं सावकाश हात बाहेर काढला. थरथरत होता, पण कातडी साफ होती. धनश्रीला ते पुरेसं होतं. त्या हाताला दुसरं काही झालंय का, हे तिनं तेव्हा विचारलं नाही.

"शपथेचा भंडारा कुणी आणला?"

"म्या. घरची हळद. ह्याच हातानं मुठी भरून ताटात घातली. माझ्या लेकाच्या न्यायाला दुसऱ्याची हळद कशाला?"

म्हणजे हळद घरून निघाली तेव्हा चोख होती. देवळात शहादेव गुरवानं आपले हात न सांगताच पुढं केले, कारण गावात आता हात दाखवायची साथच आली होती. तेही साफ. त्यानं ताट हातात धरलं होतं, बेलाचं पान वर ठेवलं होतं.

"शपथेची गोष्ट आधी कुणी काढली?"

"अजिनाथनं. म्हणला, फौजदारीणबाईच्यानं काही होत न्हाई, देवाला इचारू. आन् आधी उचलला पण त्यानंच. लई धीराचा गडी. गावाच्या अडीअडचणीला तोच. परवा माझ्या गाईचा खूर सडलाव्ता, तर त्यानंच येऊन बिबा घातला. कोपरापर्यंत तेल चोळून बसतो आधी, तवाच बिब्याला हात लावतो."

शहादेव बोलून गेला आणि घंटेला फडकं मारायला लागला. आपण काय बोललो याची त्याला गंधवार्ता नव्हती. धनश्रीनं मात्र ते शब्द टिपून घेतले.

पण शक्य आहे आणि घडलं आहे, यात कोसाचं अंतर. दाखवायचं काय? त्याच वेळी मागून रामेश्वरची बायको मनिषा आली. तिचा आवाज सुरीसारखा होता.

"मॅडम, सिदूला वाचवायला आलाव का तुमी? मग हे बघून घ्या. पुरावा लागतो ना तुमाला? देवाचा पुरावा म्या मोबाईलमधी धरून ठिवलाय."

तिनं मोबाईल पुढं केला. चित्र हलत होतं, पण ऊन स्वच्छ होतं. अजिनाथ कट्ट्यावर चढला. खांद्यावर निळी दस्ती, तिच्या टोकाला गाठ. दस्ती सावरता सावरता त्याचा हात त्या गाठीशी गेला. मग ताटात. मूठ वर करून तो ओरडला, 'माझ्या हातून झालं असंल तर माझं अंग फुटो!' आणि मूठ परत ताटातच सोडली. मग दस्तीला हात पुसत उतरला. पाठोपाठ सिदू आला. त्यानं त्याच ढिगातून मूठ भरली, शपथ घेतली, डोळे मिटले आणि तीन बोटांनी कपाळाला मळवट भरला. उरलेला भंडारा गळ्याला चोळला. दिवा विझावा तसा त्याचा चेहरा शांत झाला.

"बघितलं?" मनिषा म्हणाली. "दोघांनी एकाच ताटातलं उचललं."

"परत लाव."

धनश्रीनं पुन्हा लावायला सांगितलं, मग आणखी एकदा. चौथ्या खेपेला तिनं अजिनाथच्या उघड्या तळहातावर चित्र थांबवलं आणि दोन बोटांनी मोठं केलं.

"मनिषा, कोरडी हळद हाताला किती चिकटते?"

"झटकली की जाती."

"मग ह्याच्या हाताला लेप बसल्यासारखी कावून चिकटलीय? पुसून पुसून निघंना झालीय बघ. आणि एक सांग, ह्यानं कपाळाला का लावला नाही? खंडोबाचा एवढा भक्त, नवऱ्याचा तुझ्या भाऊ, आणि मळवट भरायला विसरला?"

मनिषानं मोबाईल ओढून घेतला आणि चित्र स्वतः बघितलं. "मॅडम," ती कशीबशी म्हणाली, "घरी ह्यांचे दिवस घालायचं चाललंय. आज सकाळी त्यो आमच्यात जेवला."

४

अजिनाथच्या अंगणात ट्रॅक्टर उभा होता, वेचलेल्या कापसाची बोचकी रचली होती. त्यानं खाट टाकली, हसून स्वागत केलं. "सुनिता, मॅडमला चहा आण गं."

बऱ्याच वेळानं दाराशी बशी वाजली. अजिनाथची बायको सुनिता आली ती दोन्ही हात पदराच्या टोकात गुंडाळून, जणू कप नव्हे, चुलीवरचं तापलं भगुणं धरलंय. बशीत चहा हिंदकळला.

"कप एवढा गरम आहे का, सुनिताबाई?"

सुनितानं नवऱ्याकडं बघितलं. त्या एका नजरेत धनश्रीला सगळा संसार दिसला.

"तिला सवय हाय तशी," अजिनाथ म्हणाला.

"तुमची निळी दस्ती कुठंय हो?"

"कोणती?"

"शपथेच्या दिवशी खांद्यावर होती ती. टोकाला गाठ होती जिच्या. तुम्ही कोरी घेतलीत, म्हणजे जुनी गेली. आणि जायच्या आधी ती कुणीतरी धुतली." धनश्री उठली आणि सुनिताच्या समोर उभी राहिली. "तुमच्या गावात धुणं बायका धुतात ना? सुनिताबाई, पदर सोडा."

"सोडू नको!" अजिनाथ खेकसला.

सुनितानं पदर सोडला. बोटं एकमेकांना चिकटतील इतकी सुजली होती. मनगटापर्यंत फोड, काळपट कडा, काही फुटून मांस उघडं पडलेलं. शिवकन्येच्या हातांची जुळी बहीण.

"दस्ती धुतली आन् हे झालं," सुनिता एका दमात बोलायला लागली, धरण फुटावं तशी. "म्हणला, कुणाला दाखवशील तर हात कोपरातून तोडीन. दस्ती जाळली. मॅडम, त्याच्या आधी, भाऊजी गेले त्या दिवशी सदरा पण म्याच धुतला. रक्तानं भरलाव्ता. शेळी कापली म्हणला. घरात मटण मात्र आलं न्हाई!"

अजिनाथ उठला तो माणूस म्हणून उठलाच नाही. कापसाच्या बोचक्यामागून त्यानं कोयता ओढला आणि सरळ बायकोच्या मानेवर चालवला. सुनिता खाली बसली म्हणून वाचली. पातं दाराच्या चौकटीत बोटभर रुतलं. वासिफभाई मधे पडले, त्यांच्या दंडातून रक्ताची चिळकांडी उडाली. कोयता चौकटीतून निघाला, पुन्हा वर गेला. धनश्रीनं वासिफभाईंच्या हातातून पडलेली काठी उचलली आणि होत्या नव्हत्या ताकदीनं त्याच्या मनगटावर घातली. हाड मोडल्याचा आवाज सगळ्या अंगणानं ऐकला. तरी तो डाव्या हातानं तिच्या गळ्याला आला. दोघं मातीत पडली. त्याची बोटं गळ्यात रुतत होती, तिला समोरचं दिसेनासं झालं, तेव्हा सुनितानं त्या सुजलेल्या, सोललेल्या हातांनी दारातला पाटा उचलून नवऱ्याच्या पाठीत घातला. तो बाजूला कोलमडला आणि वासिफभाई एका हातानं त्याच्या छातीवर बसले.

"लोखंड कुठंय?" धनश्रीनं खोकत खोकत विचारलं.

सुनितानं शेताकडं बोट केलं. "बोअरच्या शेजारी खड्डा हाय. मोटारीचा पाइप. त्यात टाकून वर माती लोटली, म्या बघितलं. ज्या पाण्यापायी मारलं, तिथंच."

५

पाइप निघाला. त्याला रामेश्वरचे केस चिकटलेले होते.

बातमी धनश्रीच्या आधी देवळात पोचली. ती अजिनाथला घेऊन जीपनं ओढ्याकडं निघाली, तर रस्ता माणसांनी गच्च. कालचीच माणसं. कालच्याच हातांत कालचेच दगड.

"मॅडम, द्या त्याला आमच्याकडं!" शहादेव गुरव सगळ्यांत पुढं. "देवाला फसवलं त्यानं! दीपमाळेला बांधू!"

मागं बेड्यांत अजिनाथ बसला होता. मोडलेला हात मांडीवर धरून. धनश्री जीपच्या बॉनेटवर चढली. गळ्यावर बोटांचे निळे वळ होते, आवाज फाटला होता.

"ऐका! देवाला कुणी फसवलं नाही. तुम्हाला फसवलं. ह्यानं घरी हळदीत बिब्याचं तेल कालवलं, ते दस्तीच्या गाठीत बांधून आणलं आणि शपथेच्या वेळी तुमच्या डोळ्यांदेखत ताटात सोडलं. स्वतः हाताला तेल चोळून आला होता. त्याला ठाऊक होतं सिदूला बिबा सोसत नाही. तुम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं! साखराबाईंनी हळद घातली, त्यांचे हात साफ. शहादेवनं ताट धरलं, ह्याचे साफ. अजिनाथनं हात घातला आणि त्यानंतर ज्याला ज्याला ती हळद लागली ते ते उतलं. सिदूचं कपाळ उतलं, त्याचा सदरा धुणारी उतली, आणि ह्याची दस्ती धुणारी पण उतली. सिदूनं कपाळाला लावला कारण तो खरा होता. अजिनाथनं लावला नाही कारण त्याला आत काय आहे ते ठाऊक होतं. हे उघड्या डोळ्यांनी दिसत होतं. मनिषाच्या मोबाईलमध्ये दिसत होतं. बघायचं सोडून तुम्ही दगड उचलले."

"मग आता बरोबर माणसाला मारू द्या की!" गर्दीतून कुणीतरी ओरडलं आणि एक दगड येऊन जीपच्या काचेवर फुटला.

धनश्रीनं गोळी झाडली नाही. ती खाली उतरली, मनिषाला काहीतरी सांगितलं. मनिषा घरात गेली आणि तसंच दुसरं पितळी ताट घेऊन आली, घासून लख्ख केलेलं, नव्या हळदीनं भरलेलं, वर बेलाचं पान. धनश्रीनं आधी स्वतः मूठभर हळद घेऊन कपाळाला फासली, म्हणजे कुणाला शंका नको. मग ताट रस्त्यावर मधोमध ठेवलं.

"चोख भंडारा आहे. ज्यानं काल सिदूवर दगड टाकला नाही, ज्यानं त्याचं घर पेटवलं नाही, त्यानं यावं आणि हा उचलून खंडोबाची शपथ घ्यावी. जो उचलेल त्याच्या हाती मी अजिनाथला देते. माझी वर्दी गेली तरी चालेल."

शहादेव गुरवानं ताटाकडं पाहिलं. मग आपल्या हातातल्या दगडाकडं. तो दोन पावलं मागं सरकला.

कुणीच पुढं येईना. एक दगड धपकन मातीत पडला. मग दुसरा. टोप्या काढून माणसं एकमेकांची तोंडं चुकवायला लागली. जीपमधून अजिनाथचं कण्हणं ऐकू येत होतं.

मग बायकांतून साखराबाई निघाली. सगळ्यांना वाटलं म्हातारी उचलणार. लेक तिचा गेला होता, तिला तो हक्क होता. ती ताटाशी वाकली, बोटं हळदीवर टेकली आणि तिथंच थांबली. उजवा हात थरथरत होता, कालपासून थांबलाच नव्हता.

"मला उचलता येत न्हाई, बाई," ती म्हणाली. "तुमी गोळी झाडल्यावर सगळे थांबले. म्या थांबले न्हाई. डोळ्यावरचा दगड माझा."

दगड कुणी मारला, हे धनश्री काल केवढ्या रागानं विचारत होती.

"मला केजला न्या," साखराबाई म्हणाली. "बेडी घालायची तर घाला. पण आधी त्याच्याकडं न्या."

दुसरी गाडी मागवून अजिनाथला वासिफभाईंबरोबर ठाण्याला रवाना केलं. म्हातारी धनश्रीच्या शेजारी बसली. दवाखान्यात सिदू उशीला टेकून बसला होता. डाव्या डोळ्यावर पट्टी, कपाळावर पांढरं मलम. शिवकन्या दोन्ही हातांना पट्ट्या बांधून त्याला चमच्यानं पेज भरवत होती. चमचा तिच्या बोटांत नीट बसत नव्हता, पेज सांडत होती.

साखराबाई खाटेशी उभी राहिली आणि काय सांगायचं ते एका वाक्यात सांगून टाकलं. शिवकन्येचा चमचा थांबला. सिदूनं उरलेल्या डोळ्यानं म्हातारीकडं बघितलं.

"काकू," तो म्हणाला, "म्या भंडारा उचलला तवा माझ्या मनात भेव नव्हतं. वाटलं, आता तरी तुमी माझं ऐकताल."

म्हातारीनं तोंडात पदर कोंबला. तरी हुंदका बाहेर आलाच. शिवकन्येनं पेजेचा वाडगा खाली ठेवला. पट्टीतल्या दुखऱ्या बोटांनी तिनं स्टूल ओढलं आणि साखराबाईपुढं सरकवलं.

"बसा," ती म्हणाली. "आन् रडून झालं की ह्यांना पेज भरवा. माझ्या हातानं जमत न्हाई."